पिंजऱ्यात एकच पक्षी

एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या हार्त्स डोंगरातून न्यूयॉर्कला निघालेला कॅनरी पक्षी वीतभर लाकडी पिंजऱ्यात एकटाच बसलेला असे. त्यानंतर शंभरेक वर्षांनी भारतातून युरोपला विमानाने जाणाऱ्या लाल मुनिया एकेका खोक्यात शेकड्यांनी कोंबलेल्या असत. दोन्ही पक्षी चिमणीपेक्षा लहान, दोन्ही घरात पाळण्यासाठीच विकले जाणारे. कॅनरीला समुद्र ओलांडायला आठवडे लागत, मुनिया एका दिवसात पोचे. तरी जपून, निगुतीने पाठवला जाई तो कॅनरीच. लहान पाळीव प्राण्यांची दूरची वाहतूक सुरक्षित झाली ती वाहनांचा वेग वाढला म्हणून, असे सर्रास धरून चालतात. या वाहतुकीचा इतिहास पाहिला तर मला ते पटत नाही. वेगाचा उपयोग झाला, पण निर्णायक गोष्ट निराळीच होती. ज्या व्यवहारात एकेका जिवाचे मरण कुणाच्या तरी हिशेबात स्वतंत्रपणे मांडले जात होते, तिथे प्राणी सुखरूप पोचावेत म्हणून माणसांनी डोके चालवले. जिथे मरण घाऊक होते आणि घसाऱ्यासारखे किमतीत आधीच धरलेले होते, तिथे उत्तमातले उत्तम वाहन असूनही प्राणी मरत राहिले.

कॅनरी मूळचा अटलांटिकमधल्या कॅनरी बेटांचा, मदीराचा आणि अझोर्सचा. स्पॅनिश लोकांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस कॅनरी बेटे पुरती जिंकली, आणि तिथला हा गाणारा पक्षी युरोपात येऊ लागला. स्विस निसर्गअभ्यासक कॉनराड गेस्नरच्या १५५५ सालच्या पक्षिग्रंथात त्याची नोंद आहे. पुढे पिंजऱ्यात त्याची पैदास होऊ लागली आणि त्याच्या व्यापाराचे एक मोठे केंद्र ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतातले इम्स्ट हे गाव ठरले. खाणी ओसरल्यावर तिथल्या लोकांनी पक्षी वाढवायला आणि विकायला घेतले. पाठीवर लाकडी चौकट, तिच्यावर रचलेले पिंजरे, आणि पायी प्रवास: थेट इंग्लंड, रशिया, तुर्कस्तानपर्यंत. हे टिरोली पक्षीविके युरोपात इतके ओळखीचे झाले की १८९१ साली व्हिएन्नात रंगमंचावर आलेल्या कार्ल झेलरच्या संगीतिकेचा नायकच असा पक्षीविक्या आहे. ही वाहतूक धीमी होती, पण तिच्यात एक जमेची बाजू होती. माल आणि मालक एकाच पाठीवर होते. मुक्कामी उतरल्यावर दाणापाणी करणारा, आजारी पक्षी ओळखणारा आणि तो मेला तर खिशाला चाट बसणारा माणूस एकच होता.

टिरोलच्या खाणकामगारांबरोबर अठराव्या शतकात कॅनरी हार्त्समध्ये, सांक्ट आंद्रेआसबर्ग या चांदीच्या खाणींच्या गावी आला. पुढची दीड-पावणेदोनशे वर्षे हे गाव त्याच्या गाण्यासाठी जगभर नावाजले गेले. तिथली सामझोन नावाची खाण १९१० साली बंद पडली; आज त्याच आवारात या पक्ष्यांचे संग्रहालय आहे. खाणीत राबून आलेला माणूस आणि त्याच्या घरची मंडळी राहत्या खोल्यांतच पक्षी वाढवत. गातो तो नर, म्हणून किंमत नराला. माद्यांना भाव जवळजवळ नव्हताच. पिल्लू स्वतःहून उत्तम गात नाही. त्याला अंधारलेल्या पिंजऱ्यात ठेवून जाणत्या, मुरलेल्या नराचे गाणे ऐकवावे लागे. ही तालीम कित्येक आठवडे चाले. त्यामुळे एकाच घरातल्या दोन नरांची किंमतही सारखी नसे. गळ्यातले खर्जातले घोळीव सूर किती, चिरके सूर किती, हे कान देऊन ऐकूनच सौदा ठरे. किंमत नगागणिक बदलू लागली, की मालाचा हिशेबही नगागणिक ठेवावा लागतो.

या व्यापाराला समुद्रापार नेले ते आल्फेल्ड गावाच्या परिसरातल्या व्यापाऱ्यांनी. रायशे बंधूंनी १८४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये बस्तान बसवले; पुढे आल्फेल्डच्याच लुडविग रुहेची पेढी उभी राहिली. १८८० च्या दशकात एकट्या न्यूयॉर्कला वर्षाकाठी लाखाच्या वर कॅनरी जाऊ लागले होते. इतक्या मोठ्या संख्येतही पद्धत बदलली नाही. एका नराला एक पिंजरा. हार्त्समधली गरीब कुटुंबे स्प्रूसच्या हलक्या लाकडाच्या पातळ काड्या तासून हे पिंजरे घरी बसून बनवत आणि तो त्यांचा जोडधंदा होता. असे पिंजरे ओळीने एका काठीवर ओवायचे, त्या ओळी एकावर एक रचायच्या आणि वरून कापड टाकायचे. प्रत्येक पिंजऱ्याचे तोंड बाहेरच्या बाजूला, म्हणजे चालता चालता हात घालता यावा आणि आत कोण फुगून बसले आहे ते दिसावे. पिसे फुगवून, मान आत ओढून बसलेला पक्षी आजारी आहे हे पाळणाऱ्याला एका नजरेत कळते. पण तो पन्नास जणांच्या घोळक्यात असला तर ती नजर पोचतच नाही.

ब्रेमेन किंवा हँबर्गहून सुटणाऱ्या जहाजावर या पिंजऱ्यांबरोबर पेढीचा माणूस असे. त्याच्या ताब्यात शेकडो पक्षी असत आणि त्याचा सगळा दिवस त्यांच्यातच जाई. वीस ग्रॅमचा हा जीव. अंगात साठा म्हणून काही नसतो. एक दिवस दाणा किंवा पाणी चुकले तरी तो वाचणे मुश्कील. जहाज डोलले की पाणी सांडते, ओल आली की पक्ष्याला सर्दी होते, वारा लागला तर गळा बसतो, कोंडले तर जीव जातो. म्हणून पाण्याची इवलीशी भांडी पुन्हा पुन्हा भरायची, मोहरीच्या जातीचे रेप नावाचे बी घालायचे, मेलेला लगेच बाहेर काढायचा आणि त्याची नोंद करायची. शिडाच्या जहाजाला अटलांटिक ओलांडायला सहा-सहा आठवडे लागत, आगबोटीने ते दिवस दोन आठवड्यांवर आणि पुढे त्याहूनही कमी झाले. ही बचत मोठी होती, यात शंका नाही. पण आगबोट आली म्हणून पेढ्यांनी सोबतचा माणूस काढून टाकला नाही, की एका पिंजऱ्यात दहा पक्षी भरले नाहीत. प्रत्येक मेलेला नर म्हणजे कुणाच्या तरी कित्येक आठवड्यांच्या तालमीवर आणि पेढीने मोजलेल्या पैशावर पाणी होते.

इथे एक आडवळण घेतो, कारण ते याच मुद्द्याकडे येते. ब्रिटिश खाणींत विषारी वायू ओळखण्यासाठी कॅनरी नेत, हे सर्वांना ठाऊक आहे. शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९० च्या दशकात तशी शिफारस केली आणि ही पद्धत १९८६ पर्यंत टिकली. त्याचा अर्थ पक्षी मरायला पाठवत, असा लावला जातो. पण या कामासाठी बनवलेला एक पिंजरा पाहण्यासारखा आहे. धातूची छोटी पेटी, पुढे जाळीचे गोल दार, आणि वरच्या बाजूला मुठीच्या जागी प्राणवायूची नळकांडी. पक्षी डळमळला की दार लावून घ्यायचे, नळकांडीची चावी फिरवायची आणि त्याला शुद्धीवर आणायचे. नावाने हाक मारता येईल असा एकच पक्षी सोबत असल्यावर खाणीतल्या अंधारातही त्याच्यासाठी प्राणवायू वाहून नेणे कुणाला जड वाटले नाही.

यावर पक्षीतज्ज्ञ हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. मुनियेसारखे थव्याने राहणारे पक्षी एकटे ठेवले तर बिथरतात. काही जातींना प्रवासातही जोडीदार लागतो. मग एका पिंजऱ्यात एकच पक्षी हा आदर्श कसा? माझे म्हणणे पिंजऱ्याच्या भिंतींबद्दल नाही, नोंदीबद्दल आहे. बेल्जियम आणि इंग्लंडमधले शर्यतीचे कबुतर याचे चांगले उदाहरण आहे. खाणमजूर आणि गिरणीकामगार यांचा तो जिवाभावाचा शौक. शर्यतीची कबुतरे वेताच्या टोपल्यांत, अनेक एकत्र, रेल्वेने शेकडो मैल दूर पाठवली जात. त्यांच्यासाठी खास गाड्या सुटत. पण प्रत्येक कबुतराच्या पायात क्रमांकाचे कडे होते, यादीत नाव होते, मालक घरी आकाशाकडे डोळे लावून बसलेला होता, आणि टोपल्यांबरोबर संघाचा सोबती जात होता. एकत्र राहूनही त्यांतले कोणतेही कबुतर बिनमोजणीचे नव्हते.

आता उलट बाजू पाहू. मुनिया पकडायला फासेपारध्याला वा मीरशिकाऱ्याला जाळे पुरे. तिला वाढवायचे नाही, शिकवायचे नाही. ती त्याच्याकडून कवडीमोलाने घेतली जाई आणि मुंबई, दिल्ली, कलकत्त्याच्या निर्यातदारांकडे जमा होई. एकेका मुनियेपेक्षा खोक्यातली जागा महाग होती, म्हणून खोके ठासून भरायचे. काही मरणार हे गृहीतच. उरलेल्यांच्या विक्रीत ते भरून निघे. इंग्लंडमध्ये टिम इनस्किप यांनी पिंजऱ्यातल्या पक्ष्यांच्या आयातीचा अभ्यास केला, तो तिथल्या पक्षीसंरक्षण संस्थेने १९७५ साली प्रसिद्ध केला आणि या व्यापारातले मरण चव्हाट्यावर आले. कोंबडीच्या एक दिवसाच्या पिल्लांचा धंदा याच तर्कावर चालतो. अंड्यातला बलक पोटात शिल्लक असल्यामुळे पिल्लू दोन-तीन दिवस अन्नपाण्याविना तगते. त्याच आधारावर अमेरिकेने १९१८ साली टपालाने पिल्ले पाठवायला परवानगी दिली. शंभर पिल्ले मागवली तर वर दोन-चार जास्त टाकायची, ही चाल तेव्हापासून अनेक देशांत आहे. ती ग्राहकाला न्याय्यच आहे. पण मरणाऱ्या पिल्लांची भरपाई पेटीत आधीच भरलेली असते, एवढाच तिचा अर्थ होतो, आणि पेटी सुधारण्याची निकड त्या जादा पिल्लांमुळे संपते.

व्यापाऱ्याचे सोडा, कायद्यानेही बराच काळ लहान जिवाचा हिशेब असाच केला. १८९० च्या भारतीय रेल्वे कायद्यात जनावर दगावले तर रेल्वेने जास्तीत जास्त किती भरपाई द्यायची ते ठरवून दिले होते: हत्ती किंवा घोडा असेल तर डोईमागे पाचशे रुपये, उंट आणि गुरांना पन्नास, आणि गाढव, मेंढी, शेळी, कुत्रा किंवा इतर जनावर असेल तर दहा. जास्त किंमत लिहून देऊन जादा आकार भरला तरच ही मर्यादा ओलांडता येई. म्हणजे मांजर, ससा, पोपट सगळे त्या ‘इतर’ दहा रुपयांत. हवाई वाहतुकीने तर डोईचा हिशेबही सोडला. १९२९ च्या वॉर्सा कराराने सामान आणि माल यांच्या नुकसानीची मर्यादा किलोमागे अडीचशे सुवर्ण फ्रँक अशी बांधली, आणि जिवंत प्राणी याच सामानात किंवा मालात मोडत. जितका जीव लहान तितके पार्सलचे वजन कमी, आणि तितकी भरपाई कमी. इथेही जादा किंमत जाहीर करायची सोय होती, पण ती वापरायची जबाबदारी पाठवणाऱ्याची. आपल्याकडच्या गार्डच्या डब्यातली कुत्र्याची लोखंडी पेटी याच विचारातून आली आहे. अन्नपाण्याची सोय मालकाने करायची, आणि मालक मात्र चार-सहा डबे पलीकडे. पहिल्या वर्गाची सबंध खोली आरक्षित करणाऱ्याला कुत्रा जवळ ठेवता येतो, हा नियम जुना आणि चांगला आहे. पण ती सुरक्षितता तिकिटाच्या वर्गावर अवलंबून आहे.

वेगाचा कैवार घेणारे म्हणतील, विमानाने प्रवासच इतका छोटा झाला की निगा राखण्याचा प्रश्न उरत नाही. याला १९५५ चा जानेवारी महिना उत्तर देतो. पोलिओच्या लसीसाठी त्या काळी भारतातून दर वर्षी प्रचंड संख्येने माकडे अमेरिकेला जात होती. दिल्लीहून न्यूयॉर्कला चाललेली जवळपास चारशे माकडे लंडनच्या विमानतळावर, हवा खेळती नसलेल्या बंद गाडीत गुदमरून मेली. विमानाने आपले काम चोख केले होते. मरण आले ते दोन विमानांच्या मधल्या काही तासांत, जमिनीवर, कुणाचीही जबाबदारी नसलेल्या जागी. ती माकडे पाळीव नव्हती, पण पेटीतल्या लहान प्राण्याची अवस्था दोहोंकडे सारखीच. आजही पाळीव प्राण्याच्या हवाई प्रवासातला धोका बव्हंशी असाच असतो: उन्हात धावपट्टीशेजारी थांबलेली ट्रॉली, चुकलेले जोडविमान, सुट्टीच्या दिवशी बंद असलेली कागदपत्रांची खिडकी. हार्त्सचा कॅनरी सहा आठवड्यांच्या प्रवासात एक दिवसही बेवारस नव्हता. विमानातला प्राणी बारा तासांच्या प्रवासात कित्येकदा बेवारस होतो.

लंडनमधल्या त्या घटनेमुळे भारत सरकारला काही काळ माकडांची निर्यात थांबवावी लागली. याच सुमारास राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध विधेयक आणले होते. त्या चळवळीतून १९६० चा कायदा झाला. प्राण्याला यातना होतील अशा रीतीने नेणे आणि हालचाल करता येणार नाही एवढ्या पिंजऱ्यात कोंडणे, दोन्ही त्याने गुन्हे ठरवले. १९७३ च्या आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार कराराने जिवंत प्राणी पाठवताना इजा, आजार आणि क्रूर वागणूक यांचा धोका कमीत कमी राहील अशी अट घातली, आणि हवाई कंपन्यांच्या जागतिक संघटनेची प्रजातीवार पेट्यांची नियमावली त्याला पूरक ठरली. १९७८ मध्ये आपल्याकडे प्राणी वाहतुकीचे नियम झाले. त्यांत कुत्र्या-मांजरांसाठी पशुवैद्याचा दाखला आला, माकडांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. आणि त्याच वर्षी मोरारजी देसाई सरकारने माकडांची निर्यात पूर्णच बंद केली. भारतीय पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ मध्ये बंद झाला, युरोपीय संघाने रानपक्ष्यांची आयात २००७ मध्ये कायमची थांबवली. मुनियेच्या बाबतीत खोके सुधारण्याचा मार्ग कधी यशस्वी झालाच नाही. जिचा जीव व्यापारात मोजलाच जात नव्हता, तिला वाचवायला व्यापारच थांबवावा लागला.

मग पेटीची लांबी-रुंदी ठरवणारे नियम पुरेसे नाहीत का? आवश्यक आहेत, पुरेसे नाहीत. नियम कुठे अपुरा पडतो हे मरणाची नोंद झाल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेत २००० साली झालेल्या कायद्यानुसार मे २००५ पासून तिथल्या हवाई कंपन्यांना प्रवासात मेलेल्या, जखमी झालेल्या किंवा हरवलेल्या प्रत्येक पाळीव प्राण्याची माहिती सरकारला द्यावी लागते आणि ती कंपनीच्या नावानिशी प्रसिद्ध होते. पहिल्या पाच वर्षांत १२२ कुत्र्यांच्या मृत्यूंची नोंद झाली, आणि त्यांतले निम्म्याच्या आसपास आखूड नाकाच्या जातींचे निघाले: २५ इंग्लिश बुलडॉग, ११ पग. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. आखूड नाकात श्वासाची वाट अरुंद, त्यामुळे उकाडा आणि ताण एकत्र आले की त्याचा दम कोंडतो. पशुवैद्यांना हे आधीही ठाऊक होते. पण आकडे जातवार समोर आल्यावर अनेक कंपन्यांनी या जाती मालाच्या कप्प्यात घेणे थांबवले किंवा त्यांच्यावर कडक बंधने घातली. २०१५ पासून ही नोंद पैदासकारांनी विक्रीसाठी पाठवलेल्या कुत्र्या-मांजरांनाही लागू झाली आणि वर्षभरात एकूण किती प्राणी नेले हेही सांगणे आले, म्हणजे शेकडा किती मेले ते काढता येते. हार्त्सच्या पेढीची वही सरकारी कार्यालयात आली, असे मी याला म्हणेन.

राहिली शेवटची हरकत, आणि ती मनाला लागणारी आहे. ज्याच्या घरी कुत्रा-मांजर आहे त्याला त्याचा जीव पैशात मोजायचा नसतो. त्याच्या मायेला हिशेबाची गरज काय? माया खरी आहे, पण ती मालाच्या कप्प्यात उतरत नाही. पार्सल ऑफिसातल्या काट्यावर पिंजरा ठेवला की मालकाच्या हाती फक्त पावती उरते, आणि पुढचा प्रत्येक हात अनोळखी असतो. भरपाईच्या रकमेने कुणाचे दुःख भरून निघत नाही. पण त्या अनोळखी हातांना सावध ठेवायला आजवर नोंदीइतके दुसरे काही उपयोगी पडलेले नाही. प्रवाशासोबत केबिनमध्ये लहान प्राणी घेण्याची जी सोय भारतातही मिळते (आकासा एअरने ती नोव्हेंबर २०२२ पासून सुरू केली), तिच्यात पक्षीविक्याच्या पाठीवरचीच जमेची बाजू परत आली आहे. पण मोठा कुत्रा, बदली झालेल्या कुटुंबाची दोन मांजरे, परगावी पाठवलेले पिल्लू, यांचा प्रवास अजून कप्प्यातून आणि गार्डच्या डब्यातूनच होतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दर महिन्याला देशांतर्गत उड्डाणांची आकडेवारी प्रसिद्ध करते. तिच्यात कुठल्या कंपनीबद्दल सामानाच्या, परताव्याच्या, कर्मचाऱ्यांच्या वागणुकीच्या किती तक्रारी आल्या ते असते. प्राण्यांसाठी तिच्यात रकाना नाही. तो घालावा, सोबत एकूण किती प्राणी नेले तो आकडा मागावा, आणि रेल्वेनेही गार्डच्या डब्यातल्या पेटीपुरते तेच करावे.